चैनीचं खातं

आमच्या घरातली सगळ्यात महागडी पादत्राणं सासूबाई कुरडया घालताना वापरतात. टॉवेलच्या कापडाच्या, पुढून बंद, तळ पातळ फोमचा. एका मोठ्या हॉटेलात आम्ही दोघं एक रात्र राहिलो होतो, तिथून आणलेल्या. परतीच्या लोकलमध्ये नवऱ्याने हिशेब मांडला: चपलांचे दोन जोड, शाम्पूच्या लहान बाटल्या चार, सुईदोऱ्याचं पाकीट एक, शॉवर कॅप एक. बिल भागिले आठ. एक जोड साधारण सव्वादोन हजारांना पडला. सासूबाईंनी चपला उलटसुलट करून पाहिल्या आणि निकाल दिला, "रस्त्यावर कधी गेल्याच नाहीत ना? मग सोवळ्यातल्याच की." तेव्हापासून त्या गच्चीवरच्या. एप्रिलच्या सुरुवातीला पांढऱ्या असतात, मे संपेपर्यंत गव्हाच्या चिकाच्या रंगाच्या होतात.

हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. आम्ही डोंबिवलीत राहतो. मी फोर्टात विम्याच्या कचेरीत नोकरी करते. पहाटे साडेपाचला पाणी येतं, सात बाराची लोकल असते, आणि त्या दोहोंच्या मध्ये तीन डबे, एक कुकर, एक दूधवाला. आणि मला मोठी हॉटेलं आवडतात. नुसती आवडतात असं नाही, मी त्यांची वाट बघते, कुणी माहेरपणाची बघावी तशी.

हे मराठी घरात उघड बोलायची सोय नाही. देवदर्शनाला गेलात, कौतुक. सोनं घेतलंत, शहाणपण. फ्लॅट घेतलात, पेढे. पण एका रात्रीच्या गादीसाठी आणि एका जेवणासाठी पंधरा-वीस हजार घातलेत तर लोक आवाज खाली आणून विचारतात, "कंपनीने दिलं होतं का?" आपल्याकडे हॉटेल या शब्दाचा अर्थच मुळात वेगळा. "हॉटेलात गेलो होतो" म्हटलं की पुढचा प्रश्न "काय खाल्लंत?" हाच. हॉटेल म्हणजे मिसळ, बटाटेवडा, फार तर राइसप्लेट. राहायचं ते मावशीकडे, आत्याकडे, नाहीतर भक्तनिवासात. माझ्या लहानपणी वडील पगाराच्या दिवशी आम्हाला हॉटेलात न्यायचे. चौघांत दोन मसाला डोसे, आणि वाटीतली चटणी संपल्यावर पुन्हा मागायची की नाही यावर आईवडिलांचं नजरेनेच बोलणं व्हायचं. मी अजून चटणी पुन्हा मागताना क्षणभर अडखळते. समोर कितीही चांदीचे काटेचमचे असोत.

तर चैनीचं खातं. दहा वर्षांपूर्वी मी बँकेत महिना पंधराशेचं आवर्ती ठेव खातं काढलं आणि पासबुकावर पेन्सिलीने 'चैन' असं लिहून कपाटात साड्यांखाली ठेवलं. सासूबाईंना ते सापडायचं होतंच. त्यांना वाटलं, सोन्याची चेन. दोन दिवस खुशीत होत्या. तिसऱ्या दिवशी मी खरं सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पासबुक होतं तिथे ठेवलं, वर साडीची घडी नीट केली. संध्याकाळी निवडटिपण करताना म्हणाल्या, "अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात." मी म्हटलं, "आई, तिथे अंथरूणच एवढं मोठं असतं की पाय पसरून उरतं." त्या हसल्या नाहीत. पण पुढच्या वर्षी खातं पिकलं तेव्हा त्यांनीच विचारलं, "मग यंदा कुठे?"

यंदा म्हणजे त्यांची पंचाहत्तरी होती. म्हटलं, राहायचं नाही, आईंना घेऊन ताजमहाल हॉटेलच्या सी लाउंजमध्ये चहाला जायचं. पहिल्या मजल्यावरची ती लांब खोली, खिडक्यांच्या रांगेपलीकडे गेटवे, त्याच्यापलीकडे लाँचेस आणि समुद्र. सासूबाई गेटवेला आयुष्यात निदान वीस वेळा आलेल्या, प्रत्येक वेळी हॉटेलकडे पाठ करून फोटो काढलेला. वरून बघताना म्हणाल्या, "इकडून बघितलं की आपण किती लहान दिसतो." कबुतरांना दाणे टाकणाऱ्या गर्दीकडे बघत होत्या, पण 'आपण' म्हणाल्या.

मी वाचून गेले होते, ते सांगायचा मोह आवरला नाही. हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ला उघडलं. म्हणजे गेटवेच्याही आधीचं, गेटवे पूर्ण झालं १९२४ साली. पहिल्या महायुद्धात इथे सहाशे खाटांचं इस्पितळ होतं. आणि आराखड्याचं काम सुरुवातीला सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांच्याकडे होतं, पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पूर्ण केलं. "वैद्य?" सासूबाईंनी कपावरून मान वर केली. "म्हणजे मराठी माणसाने बांधलंय!" त्यानंतर त्या खुर्चीत जरा मागे टेकून बसल्या. इतका वेळ काठावर होत्या.

चहाबरोबरच्या पदार्थांत शेवबटाटापुरीही होती. ती त्यांनी चमच्याने खायचा प्रयत्न केला, मग इकडेतिकडे बघून सरळ हाताने उचलून तोंडात टाकली. "चिंच जपून वापरतात," एवढंच मत. त्यांचं खरं लक्ष पलीकडच्या टेबलावर होतं. या जागी मुलगी बघायचे कार्यक्रम होतात, पिढ्यान्‌पिढ्या होत आलेत, हे मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. दोन कुटुंबं, मधे केकचा तिमजली स्टँड, आणि एक मुलगा जो दर अर्ध्या मिनिटाला पाणी पीत होता. सासूबाईंनी पाच मिनिटं निरीक्षण केलं आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "मुलगी नाही म्हणणार. चहा घेतलाय, खायला हात लावलेला नाही." कांदेपोह्यांच्या सगळ्या अनुभवाचा अर्क त्या एका वाक्यात होता. पोह्यांच्या जागी तळहाताएवढं सँडविच आलं म्हणून काय बिघडतं.

निघताना त्यांनी मला विचारलं ते मात्र मला अपेक्षित नव्हतं. "तो मुलगा डावीकडूनच का वाढत होता?" मी सांगितलं, तशी पद्धत आहे, डावीकडून वाढायचं, उजवीकडून उचलायचं. "हं," म्हणाल्या. "एकदाही ओणवून कुणाच्या तोंडापुढे हात नेला नाही त्याने. आणि मागायच्या आत पाणी. शिकवलंय कुणीतरी चांगलं."

ताजविषयी एक गोष्ट सगळेच सांगतात. जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलात आत घेतलं नाही, म्हणून त्यांनी हे उभारलं. या गोष्टीला भक्कम पुरावा नाही, बरेच अभ्यासक ती मानत नाहीत. वॉटसनची इमारत काळाघोड्याला अजून उभी आहे, माझ्या कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर. लोखंडी सांगाड्याची, आता खंगलेली. तिथेच ७ जुलै १८९६ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, हिंदुस्थानातला पहिला सिनेमा. जेवणाच्या सुट्टीत कधी तिकडून गेले की मी मान वर करून बघते आणि मला वाटतं, ती दारातून परत पाठवल्याची गोष्ट खरी असो नसो, ती मरणार नाही. कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या दारात कुणीतरी वरपासून खालपर्यंत न्याहाळलेलं असतं.

मलाही न्याहाळलेलं आहे. हॉटेलचं नाव घेत नाही. लग्नाचा वाढदिवस होता, टेबल आठवडाभर आधी राखून ठेवलं होतं. मी कचेरीतून थेट गेले होते, हातात नेहमीची कापडी पिशवी, त्यात रिकामा डबा. दारातल्या मुलीने आधी पिशवीकडे बघितलं, मग यादीकडे, मग पुन्हा पिशवीकडे. खिडकीपाशी तीन टेबलं मोकळी होती. आम्हाला नेऊन बसवलं ते स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला लागून. नवरा म्हणाला, "बोलू का?" मी म्हटलं, राहू दे. राहू दे म्हणायला नको होतं, हे आज सहा वर्षांनी तितकंच पक्कं वाटतं. ती तीन टेबलं आम्ही निघेपर्यंत मोकळीच होती, मी मोजत होते.

पण त्या दाराला वर एक गोल काच होती.

त्या काचेतून मला जे दिसलं त्यासाठी लोक वेगळे पैसे मोजतात असं पुढे कळलं. स्टीलचा लांब ओटा, त्यावर लालसर दिव्यांची रांग, म्हणजे ताटल्या गरम राहाव्यात. ओट्यामागे एक उंच बाई, डोक्याला पांढरं कापड घट्ट बांधलेलं. ताटली तिच्यापुढे यायची. ती चिमट्याने एखादं पान उचलून दुसरीकडे ठेवायची. मग खांद्यावरचं ओलं फडकं घेऊन ताटलीची कड पुसायची, अंगठा फिरवत, एक पूर्ण वळसा. मग ताटली वळवून एकदा जेवणाऱ्याच्या बाजूने बघायची. आणि मगच बोटाने खूण. आम्ही बसलो त्या अडीच तासांत तिने हे शंभरेक वेळा केलं असेल. कड पुसायची तिने एकदाही टाळली नाही, जी कड मला तरी स्वच्छच दिसत होती ती सुद्धा. आमच्या पुढ्यात आलेली भोपळ्याची कसलीशी वाटीभर पातळ चव, तिच्यावर तळलेली कढीपत्त्याची तीन पानं, हे सगळं त्या अंगठ्याखालून आलं होतं, म्हणून मला जास्त आवडलं. खिडकीतून समुद्र दिसला असता, एवढंच. समुद्र मी फुकट बघते.

या सगळ्या शिस्तीचं मूळ लोक एस्कोफिए या फ्रेंच शेफपर्यंत नेतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने हॉटेलातलं स्वयंपाकघर पलटणीसारखं लावलं: सॉसवाला वेगळा, मासळीवाला वेगळा, वर एक सेनापती. सेझार रिट्झ बाहेरचं बघायचा, हा आतलं. पॅरिसचं रिट्झ हॉटेल १८९८ साली उघडलं ते या जोडीच्या जिवावर. मला त्याच्याबद्दल आदर आहे. पण कड पुसणारी बाई बघताना मला पॅरिस आठवलं नाही, आमच्या घरचे गणपती आठवले. ताटात वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधे भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तूप. हा आराखडा कुठेही लिहून लावलेला नसतो, पण चटणी उजवीकडे पडली तर सत्तर वर्षांची आत्या पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून सांगते. वाटीचा ओघळ ताटावर आला की सासूबाई पदराने नाही, वेगळ्या फडक्याने पुसतात. सवाई माधवरावांच्या लग्नात वाढप्यांनी कसं वागावं याच्या बारीकसारीक सूचना नाना फडणविसांनी लिहून काढल्या होत्या. कारभार बघणाऱ्या माणसाला वाढपाची चिंता करावीशी वाटली, यात मला काही नवल वाटत नाही. पाहुणा राज्याचं धोरण विसरतो, तूप आपल्यापर्यंत आलं नव्हतं हे विसरत नाही.

एक फरक मात्र आहे आणि तो मला टोचतो. हॉटेलात वाढणारा पगार घेतो, घरात वाढणारी शेवटच्या पंगतीला बसते. तोवर अळूवडी संपलेली असते. मोठ्या हॉटेलात जाऊन मी नक्की कशाचे पैसे देते असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर गादी नाही, ट्रफल नाही. मी उठायचं नाही, याचे. सलग अडीच तास, कुणाला काय हवं हे न बघता, कुकरच्या शिट्ट्या न मोजता, समोर येईल ते गरम खायचं. पहिल्यांदा गेले होते तेव्हा मधेच दोनदा उठायला निघाले होते. नवऱ्याने मनगट धरलं, "कुठे?" कुठे ते मलाही सांगता येईना.

परत आल्यावर दोनेक दिवस घरात त्याचा अंमल राहतो. मी चादरीचे कोपरे हॉटेलसारखे गादीखाली तिरके खोचते आणि रात्री सगळे पाय झाडून ते सोडवतात. मुलगा आतल्या खोलीतून ओरडतो, "रूम सर्व्हिस, एक ताक!" आणि सासूबाई बाहेरून उत्तर देतात, "रूम सर्व्हिस झोपलीय. ताक खाली फळीवर आहे." तिसऱ्या दिवशी पाणी येत नाही, टँकर बोलवावा लागतो, आणि सगळं मार्गाला लागतं.

बिलाची चौकशी नवऱ्याकडे असते. खोलीवर अठरा टक्के जीएसटी, त्याला इलाज नाही. पण सर्व्हिस चार्ज दिसला की तो चष्मा काढतो. तो आपोआप लावता येत नाही, ऐच्छिक आहे, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली सांगितलं आणि २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं, हे तो वेटरला अतिशय नम्रपणे सांगतो. मग तेवढेच पैसे रोख काढून त्याच वेटरच्या हातात देतो. मला हा खेळ लाज आणणारा वाटायचा. आता वाटत नाही. त्याचं कारण समोरच्यांचा दादा.

दादा म्हणजे आमच्या समोरच्या दाराच्या काकूंचा मुलगा. माझा मुलगा त्याला दादा म्हणतो, मग आम्हीही म्हणायला लागलो. बारावीनंतर त्याने दादर केटरिंगला प्रवेश घेतला. १९५४ साली सुरू झालेली संस्था, या धंद्यात तिचं नाव मोठं, पण आमच्या मजल्यावर चर्चा झाली ती "एवढे मार्क असून वेटर होणार?" अशीच. काकूंनी सहा महिने ते ऐकून घेतलं. आता तो मुंबईतल्या एका हॉटेलात आहे, जेवणघराच्या बाजूला. त्याच्याकडून मला त्या लखलखाटाची मागची बाजू कळली. ब्रेक शिफ्ट म्हणजे काय: दुपारचं जेवण सांभाळायचं, मधे तीन-चार तास सुट्टी, मग रात्री पुन्हा. त्या मधल्या वेळात डोंबिवलीला येऊन परत जाणं शक्य नाही, म्हणून लॉकर रूममध्ये बाकावर पडायचं. ग्लास धुऊन झाले की गरम पाण्याच्या वाफेवर धरून पुसायचे, डाग राहता कामा नये. बोटांचा ठसा दिसला तर सगळा ट्रे परत. जेवण स्टाफ कँटीनला, बहुधा उभ्याउभ्या. बाहेर आठ पदार्थांचं जेवण अडीच तास चालतं, आत त्याचं सात मिनिटांत आटपतं.

आणि सण. आमची चैन ज्या दिवशी असते त्या दिवशी त्याची ड्यूटी असते. एकतीस डिसेंबर, व्हॅलेंटाइन, दिवाळी. गेल्या लक्ष्मीपूजनाला रात्री दीडच्या सुमारास मी पणत्या शांत झाल्या का बघायला दार उघडलं, तर काकू चौकटीत उभ्या. ताट झाकून ठेवलेलं, गॅसवर आमटीचं पातेलं. जिन्यात त्याची पावलं वाजली आणि त्यांनी गॅस लावला. आमटी गरम व्हायला आणि त्याचे बूट निघायला एकच वेळ लागतो, असं त्या म्हणाल्या. अडीच-तीन मिनिटं. कसला सेनापती नि कसली पलटण.

भाऊबीज उलटून गेली, घरोघरच्या चकल्या मऊ पडायला लागल्या, तेव्हा त्याला एक सुट्टी मिळाली. काकू भावाकडे चिपळूणला गेलेल्या. सासूबाईंनी त्याला फर्मान पाठवलं, "जेवायला ये. आणि डबा घेऊन जातो वगैरे चालणार नाही, बसून जेवायचं." त्याच्यासाठी त्यांनी पाट मांडला, आमच्याकडे रोज टेबलावरच जेवतात तरी. केळीचं पान मिळालं नाही म्हणून चांदीचं ताट काढलं, जे माझ्या मुलाच्या मुंजीनंतर बाहेर आलं नव्हतं. वाटी डाळिंब्यांची, वाटी कटाची आमटीची, पुरणपोळी. मला म्हणाल्या, "तू बस. तूही बस. आज मी वाढते." मी बसले. या घरात त्यांच्या आधी जेवायला बसायची माझी ती पहिली वेळ, पंचवीस वर्षांत.

दादाला बसणं जमत नव्हतं. मांडी घालून बसला होता, पण पाठ ताठ, हात मांडीवर, नजर सगळ्यांच्या ताटांवर. माझ्या मुलाचा पेला रिकामा झाला तसा तो तांब्याकडे झुकला. सासूबाई म्हणाल्या, "बस." पुन्हा एकदा, मी पोळी संपवली तेव्हा त्याचा हात पोळ्यांच्या डब्याकडे गेला. "बस म्हटलं ना." तो हसला, कान लाल झाले. मग त्याने पोळीवरचं तूप बोटाने पसरवलं आणि पहिला घास घेतला. डोळे मिटून. इतका वेळ चाललेली सगळी बडबड थांबली.

दोन घास झाल्यावर तो थांबला. बोलला काहीच नाही. फक्त ताटाच्या वरच्या बाजूला मधोमध जी जागा रिकामी होती तिच्याकडे त्याने एकदा बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. सासूबाईंनी ती नजर पकडली. स्वतःशीच "अगंबाई" म्हणाल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि मिठाची वाटी घेऊन त्याच्या डाव्या बाजूने आल्या.